शब्दचर्चा : मिस्सातली 'शांतता' का 'मौन'?

प्रश्न : आमच्या इथे नागपूरला मराठी मिस्साची, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेची पुस्तिका नव्यानं टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कम्युनियननंतर, म्हणजे पवित्र भाकर घेऊन झाल्यावर, एक छोटी सूचना आहे, इंग्रजीत सायलेन्स, जुन्या पुस्तिकेत तिथे 'शांतता' लिहिलंय. मला ते वाचलं की डस्टर आपटणारे मास्तरच दिसतात. मग 'मौन' करू का? आई म्हणते मौन म्हटलं की शोकसभेची दोन मिनिटं, काहीच नको लिहू, लोकं तसेही चूपच राहतात.

उत्तर : शांतता हॉलची असते, मौन माणसाचं. बाळ रडायचं थांबलं की शांतता आपोआप होते, मौन मात्र धरावं लागतं, पाळावं लागतं, क्रियापदंच पाहा ना. मुनीपासून मौन आलंय, म्हणजे त्यात करणारा कोणीतरी आहेच. लॅटिनमध्येही दोन शब्द आहेत बरं, संत बेनेडिक्टच्या मठांसाठीच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत सहावा अख्खा अध्याय 'तासितुर्नितास'वर आहे, म्हणजे जीभ आवरणं, आणि 'सिलेन्तिउम' हा वेगळा. माझं मत मौनला.

उत्तर : पण मौन म्हणजे संमती असंही आपण म्हणतोच की, आणि मूग गिळून बसणंही मौनच. शिवाय मिस्सात सायलेन्स एका प्रकारचा नाहीच. नियमांत वेगवेगळं सांगितलंय, पश्चात्तापाच्या वेळी स्वतःत डोकवायचं, वाचन आणि प्रवचनानंतर ऐकलेलं मनात मुरू द्यायचं, कम्युनियननंतर मनातल्या मनात स्तुती करायची. 'आपण प्रार्थना करू या' झाल्यावरही थांबायचं असतं, कारण तेवढ्यात प्रत्येकानं आपलं मागणं मनात धरायचं आणि मग फादर ते सगळं गोळा करून मोठ्यानं म्हणतात, त्या प्रार्थनेला 'कलेक्ट' म्हणतात ते काय उगाच नाही. मी जातो तिथे फादर 'करू या' आणि 'हे परमेश्वरा' एकाच श्वासात म्हणतात, गोळा काय करणार, कप्पाळ! हे सगळं एका 'शांतता'त बसवायचं म्हणजे कठीणच आहे राजेहो.

उत्तर : मी कॅथलिक नाही, विपश्यना करतो. आमच्या दहा दिवसांच्या शिबिरात 'आर्य मौन' म्हणतात, बोलणं तर नाहीच, खाणाखुणाही नाही. नागपुरात मौन म्हटलं तर निम्म्या लोकांना आधी हेच आठवेल, त्यामुळे शब्द परका नाही वाटणार. फरक इतकाच की आमच्या मौनात कोणाशी बोलायचं नसतं, तुमच्यात बहुतेक आतून बोलणं चालू असतं?

परत मीच, प्रश्नवाला : बोलणं कमी, ऐकणं जास्त. बायबलमधली एलिया संदेष्ट्याची गोष्ट पाहा, 1 राजे, अध्याय 19. डोंगरावर जोराचा वारा सुटला, देव वाऱ्यात नव्हता, भूकंप झाला त्यातही नाही, आगीतही नाही, आणि मग जे आलं त्याला हिब्रूत 'कोल दमामा दक्का' म्हटलंय, शब्दशः बारीक स्तब्धतेचा आवाज. स्तब्धतेचा आवाज! हे वाचताना मला आपला 'निवांत' आठवला. संस्कृतात 'निवात' म्हणजे वारा नसलेली जागा, गीतेच्या सहाव्या अध्यायात न हलणारा दिवा ठेवलाय ती, आणि आपला निवांत तिथूनच आलाय. वारा गेल्यावर देव, आणि वारा नसणं म्हणजे निवांत, याच्यापेक्षा नेमका शब्द कुठे मिळणार? रात्री बारापर्यंत याच खुशीत होतो.

सकाळी आईला दाखवलं. म्हणाली, कम्युनियननंतर 'निवांत' छापशील तर अर्धं चर्च चहाला बाहेर. तर प्रिंटरला आज जे दिलंय त्यात 'मौन, मनात प्रार्थना' असंच आहे. निवांत माझ्या स्वतःच्या प्रतीत पेन्सिलनं लिहून ठेवलंय.