मदत हवी आहे : पोरांना व्हिडिओ पारखायला कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी, पांढरकवड्याकडच्या गावात आठवी-नववीच्या पोट्ट्यांना मोबाईलवर फोटोतून गोष्ट सांगायला शिकवतो. टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य जवळ, त्यामुळं वाघाचा कुठलाही व्हिडिओ 'आपल्याच शिवारातला' म्हणून ग्रुपवर फिरते अन् बाया कापूस वेचणीला जायला भेतात. स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला (फोटोवरून तसाच फोटो नेटवर शोधते ते) टाकतो, कधी मूळ सापडते कधी नाही, मग पोरांना काय सांगावं? २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून ५ जणांना मारलं ते अफवेनंच, म्हणून हे लय गरजेचं वाटते. अन् वेचणीवर फोटो काढा म्हटलं तर सगळे धुऱ्यावरूनच (बांधावरून) काढतात, बोंडातून कापूस ओढणारी बोटं कोणी जवळून घेत नाही. नेट कमी चालते, ऑफलाइन जमतील असे मराठीतले खेळ-सराव आहेत का कोणाकडं?