कोपरा सोडा, मग बोला

होम थिएटरचा बेस नुसता घुमतो आणि संवाद बुडतात म्हणता, तर दोष सबवूफरचा (खालचे, जाड आवाज देणारा स्पीकर) नसावा, तो ठेवलेल्या कोपऱ्याचा असेल. म्हापशात आमच्या चिऱ्याच्या भिंतींच्या हॉलातही तेच झालं होतं. लांबी 14 फूट, म्हणजे 40 हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमायला लागते. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसवालं एखादं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत ऐका. (घरचे हसतील, हसू द्या.) जिथे बेस घट्ट, सारखा ऐकू येईल तिथे त्याला बसवा. रिसीव्हरवर (सगळे स्पीकर जोडतो तो डबा) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा, 80 हर्ट्झ ठेवा; सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉब मात्र वरच्या टोकापर्यंत फिरवा, नाहीतर दोनदा गाळलं जातं. फेज (सबवूफरचा आवाज बाकी स्पीकरशी जुळवणारं बटण) 0 आणि 180 दोन्ही करून पाहा, भरीव वाटेल तो ठेवा.