रॅम्पवाला कंट्रोलर खरंच लागतो का

काचेच्या भट्टीचा साधा सेटपॉइंटवाला कंट्रोलर (एकच तापमान लावायचं, तिथवर नेतो तो) ८०० डिग्रीपर्यंत नेतो ना, मग फ्यूजिंगला (काचेचे तुकडे तापवून एकमेकांत वितळवायला) महागडा रॅम्प-सोकवाला (ठरलेल्या वेगाने चढवणारा-उतरवणारा आणि मध्ये थांबवणारा) कशाला, असं विचारलंय. नेतो की, पण काच वितळवणं हा सोपा भाग आहे हो, खरी भानगड सुरुवातीला तापवताना आणि नंतर थंड करताना असते. ५०० च्या खाली काच कडकच असते, तेव्हा भट्टी फुल पॉवरवर पळाली की जाड तुकडा तडकलाच समजा, तिथे तासाला दीडशे-दोनशेच्या वेगानेच जायचं, जाडी जास्त असेल तर अजून हळू. खाली येताना अ‍ॅनिलिंगचा थांबा (काचेतला ताण जावा म्हणून एका तापमानाला धरून ठेवणं), ९० सीओईच्या (सीओई म्हणजे काच तापल्यावर किती प्रसरण पावते त्याचा आकडा) आर्ट ग्लासला साधारण ४८२ आणि ९६ वालीला ५१० च्या आसपास, सहा मिमी जाडीला तासभर धरायचं आणि मग सावकाश उतरवायचं. हे साध्या कंट्रोलरवर हाताने करता येतं, पण रात्रभर जागायची तयारी ठेवा :)

आणि एक, थर्मोकपल (भट्टीतला तापमान मोजणारा सेन्सर) त्याच्या टोकापाशी किती ताप आहे तेवढंच सांगतो, काचेचा नाही, त्यामुळे आकड्यावर फार विश्वास नको, झरोक्यातून बघून खात्री करा (संरक्षक चष्मा घालून). ऑटोट्यूनही (कंट्रोलरने आपली सेटिंग भट्टीला जुळवून घेणं) कामाच्या तापमानाजवळ करा, २०० ला केलेलं ८०० ला उपयोगाचं नाही.

एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, भट्टीची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावणार असाल तर तो बिघडला की बऱ्याचदा चालूच राहतो, कंट्रोलर बंद म्हणत असतो आणि भट्टी तापतच जाते, म्हणून वेगळा हाय-लिमिट (तापमान मर्यादेबाहेर गेलं की भट्टी बंद करायला लावणारा) आणि कॉन्टॅक्टर (प्रत्यक्ष वीज तोडणारा मोठा स्विच) लावाच, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.