चर्चा: सोलमधली पडद्यावरची पायपीट हा प्रवास मानावा का?

मंदगती:
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेले आठ महिने मी रोज संध्याकाळी तासभर दक्षिण कोरियाची राजधानी सोल पडद्यावर फिरतो आहे. कोणीतरी कॅमेरा घेऊन अवाक्षर न बोलता चालत राहतो आणि आपण त्याच्या मागोमाग निघतो, एवढाच हा प्रकार. नाक्सान टेकडीवर जुन्या तटबंदीपाशी मी चित्रफीत थांबवून दगड निरखतो. १३९६ मधले ओबडधोबड लहान दगड, १४२२ च्या दुरुस्तीतले त्याहून घडीव दगड आणि १७०४ पासून बसवलेले मोठे चौकोनी चिरे हे सारे या १८.६ किलोमीटरच्या तटबंदीत ओळखू येतात. सहल कंपनीबरोबर गेलो असतो, तर मला तिथे पाच मिनिटेही उभे राहू दिले नसते. माझ्या मते हा प्रवासच आहे.

चढउतार:
मी त्या शहरात दोन वर्षे राहिलो आहे, त्यामुळे असहमती नोंदवतो. कॅमेऱ्याचे हादरे शोषून घेणारे गिंबल सोलचा चढच नाहीसा करते. नाक्सानच्या ज्या वाटेवर मला दर पन्नास पावलांवर दम लागत असे, ती तुमच्या पडद्यावर सपाट दिसत असणार. ग्वांगजांग बाजारात जात्यावर दळलेल्या मुगाचे बिंदेत्तॉक तेलात पडते, तेव्हा आपल्याकडच्या धिरड्यांची आठवण नाकातून येते, डोळ्यांतून नव्हे. शिवाय वाट तुमची नसते. छंगग्येछन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा मोकळा केला, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या मार्गाचे तीन खांब पूर्वेकडे आठवण म्हणून पाण्यात उभे ठेवले आहेत, तिथवर कॅमेरावाले सहसा पोहोचत नाहीत, कारण रोषणाई आणि गर्दी पश्चिमेच्या टोकाला असते.

उंबरठा:
या वादात तिथे राहणाऱ्यांचा विचार कोणीच करत नाही. सोलच्या बुकछन वस्तीत हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांच्या गल्ल्यांत पर्यटक दारांतून डोकावू लागले, कचरा आणि गोंगाट वाढला, तेव्हा नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या एका भागात संध्याकाळी पाच ते सकाळी दहा पर्यटकांना बंदी आली आणि मार्च २०२५ पासून एक लाख वॉन दंडही सुरू झाला. अशा ठिकाणी घरी बसून पाहणाराच खरा सभ्य पाहुणा ठरतो.

चढउतार:
सभ्य कसला? त्या दारांसमोर कॅमेरा नेऊन त्यांची जाहिरात जगभर करणारे तुमचेच वाटाडे आहेत. एका चित्रफितीमागे किती जण विमानाची तिकिटे काढतात, याचाही विचार करावा.

मंदगती:
हा मुद्दा मला बोचला, आणि बुकछनच्या चित्रफिती मी यापुढे पाहणार नाही. मात्र दम लागला नाही म्हणून माझे पाहणे खोटे ठरते, हे मान्य नाही. सोलमध्ये जन्म काढलेल्या किती जणांनी त्या तटाचे दगड वेगळे ओळखले असतील? खांबांबाबत मात्र आपण बरोबर निघालात. काल रात्री ओढ्याच्या चार चित्रफिती पाहिल्या; चारही दोंगदेमुन या जुन्या वेशीच्या आसपास मागे वळतात. त्यापुढे चालत गेलेल्या कोणाची चित्रफीत ठाऊक असल्यास कृपया दुवा द्यावा.