थंडीत पद्मिनीचा कार्बोरेटर गारठतो: जेट बदलावा की थर्मोस्टॅट बसवावा?

नमस्कार. माझ्याकडे १९७८ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आहे. (२०२१ च्या नियमानुसार ‘विंटेज’ म्हणवून घ्यायला नोंदणीची पन्नास वर्षे उलटावी लागतात, त्यामुळे तो मान तिला अजून मिळालेला नाही.)

मुलुंडला जानेवारीच्या पहाटेही चोक पूर्ण ओढून दोन-तीनदा सेल्फ मारला की ती सुरू होते. अडचण येते ती घाटापलीकडे. गेल्या महिन्यात नाशिकला जाताना कसारा घाट तिने कुरकुर न करता चढला. मात्र इगतपुरी सोडून घोटीकडे जाताना, दाट धुक्यात पन्नासच्या एकसारख्या वेगाने दहा-पंधरा मिनिटे गेल्यावर पिकअप हळूहळू कमी होत गेला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच इंजिन बंद पडले. बोनेट उघडले तर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खालच्या बाजूवर पाण्याचे थेंब जमले होते आणि तो फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या डब्यासारखा गार लागत होता; एक्झॉस्टजवळ मात्र हात नेववत नव्हता. पाव तास तसाच थांबलो. नंतर कशालाही हात न लावता गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली आणि दुपारी परतताना काहीही झाले नाही.

आमचे मेकॅनिक म्हणतात की मिक्श्चर लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मोठा टाकू. मला ते पटत नाही, कारण जेट लहान असता किंवा त्यात कचरा असता तर जास्त पेट्रोल लागणाऱ्या घाटातच गाडीने आधी मान टाकली असती. पेट्रोल पंप, नीडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी झडप) आणि इग्निशनचे पॉइंट तपासून झाले आहेत. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते आणि हवा दमट असेल तर बाहेर दहा-बारा अंश तापमान असतानाही थ्रॉटलपाशी (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेपाशी) बर्फ धरू शकतो, असा माझा तर्क आहे. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. शिवाय ट्रॅफिकमध्ये पाणी उकळते म्हणून आधीच्या मालकांनी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला आहे (मुंबईतल्या गॅरेजांचा हा जुना, माझ्या मते वाईट, उपाय), त्यामुळे थंडीत इंजिन पुरेसे तापतच नाही.

थर्मोस्टॅट पुन्हा बसवल्यावर हा त्रास थांबल्याचा कोणाला अनुभव आहे का, आणि मे महिन्यात सायनच्या सिग्नलला अशी गाडी तापत तर नाही ना? एअर फिल्टरच्या तोंडाशी एक्झॉस्टजवळची गरम हवा आणणारी नळी कोणी जोडली असल्यास तेही कळवावे; ती उन्हाळ्यात काढावी लागेल, हे मी गृहीत धरले आहे. येत्या शनिवारी पहाटे पुन्हा त्याच रस्त्याने जायचे आहे. गाडी बंद पडताक्षणी फिल्टर काढून आत टॉर्च मारला तर बर्फ दिसतो, की पाने (स्पॅनर) शोधेपर्यंत तो वितळून गेलेला असतो?