बंब किती आणि कोणते पाठवायचे, हे नक्की कोण ठरवते?

गिरगावकर:
मुंबईतील आगीच्या बातम्यांत 'लेव्हल-२ची आग' असा उल्लेख असतो आणि पुढे बंब, जम्बो टँकर, शिडीची गाडी अशी यादी येते. १०१ क्रमांकावर फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला आग दिसत नसते आणि फोन करणारा बहुधा घाबरलेला असतो. मग कोणती गाडी पाठवायची हे तो कर्मचारी अंदाजाने ठरवतो, की त्याचे काही नियम आहेत?

जुना_भायखळेकर:
बराचसा निर्णय फोन येण्यापूर्वीच झालेला असतो: कोणत्या प्रकारच्या वर्दीला, म्हणजे आगीच्या खबरीला, किती आणि कोणत्या गाड्या पाठवायच्या हे आधीच ठरलेले असते. नियंत्रण कक्षाचे खरे काम वर्दीचा प्रकार ओळखण्याचे असते. सर्वप्रथम पत्ता विचारतात, कारण पुढे फोन तुटला तरी पत्त्याच्या आधारे जवळच्या केंद्रातून पहिली गाडी निघू शकते. त्यानंतर काय पेटले आहे, कितव्या मजल्यावर, कोणी अडकले आहे का, हे प्रश्न येतात. तेल पेटले असेल तर नुसते पाणी उपयोगाचे नाही, फेस लागतो. तळघरात धूर कोंडला असेल तर श्वसनयंत्रे जास्त लागतात.

'लेव्हल', म्हणजे आगीच्या तीव्रतेची पायरी, मात्र सहसा घटनास्थळी पोहोचलेला अधिकारी परिस्थिती पाहून जाहीर करतो आणि त्यानुसार पुढची कुमक निघते. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला लागलेली आग रात्री लेव्हल-१ म्हणून नोंदली गेली होती. पहाटेपर्यंत ती लेव्हल-५वर गेली. म्हणून पहिल्या फोनवरचा निर्णय म्हणजे केवळ सुरुवात समजावी.

थेम्सकाठी:
आधी ठरवून ठेवलेला हा आकडाच चुकीचा असेल तर काय होते, याचे उदाहरण लंडनमध्ये आहे. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली, तेव्हा उंच इमारतीसाठी चार बंब ठरलेले होते आणि त्यांत उंच शिडीची गाडी नव्हती. ती नंतर मागवावी लागली आणि पोहोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. त्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. शिडी लवकर आली असती तर किती फरक पडला असता, यावर मी मत देणार नाही, कारण आग मुख्यतः बाहेरच्या ज्वलनशील आवरणामुळे पसरली होती. परंतु त्यानंतर लंडनने पहिल्याच फेरीत पाच बंब आणि एक शिडीची गाडी असा नियम केला.

गिरगावकर:
मग प्रत्येक वर्दीला भरपूर गाड्या का पाठवत नाहीत? गरज नसेल तर परत बोलावता येतील.

क्वीन्सवासी:
जास्त पाठवून वाटेतून परत फिरवण्याची पद्धत आहेच, आणि माझ्या मते संशय असल्यास तेच योग्य. न्यू यॉर्कमध्ये इमारतीच्या आगीची वर्दी आली की साधारणपणे तीन 'इंजिन' (पाण्याचे बंब), दोन 'लॅडर' (शिडीच्या गाड्या) आणि एक बटालियन प्रमुख (काही केंद्रांवरचा वरिष्ठ अधिकारी) निघतात. इंजिनची तुकडी नळ्या लावून पाणी मारते. लॅडरची तुकडी दारे फोडते, माणसे शोधते, धुराला वाट करून देते. आग खरोखर भडकलेली आहे असे घटनास्थळावरून कळवले की '१०-७५' हा संकेत दिला जातो आणि आणखी तुकड्या आपोआप निघतात.

पण गाड्या मोजक्याच असतात. एका गल्लीत दहा बंब गोळा केले तर शेजारच्या दोन विभागांत पुढच्या वर्दीला जायला कोणी उरत नाही, म्हणून मोठ्या आगीच्या वेळी लांबच्या तुकड्या रिकाम्या केंद्रांवर आणून बसवाव्या लागतात.

जुना_भायखळेकर:
आपल्याकडे याला अरुंद रस्त्यांची भर आहे. नव्वद मीटरची शिडी असलेली गाडी चाळीच्या बोळात शिरतच नाही, आणि पुढे अडकली तर मागच्या टँकरचीही वाट अडते. म्हणून फोनवर 'मोठी आग लागली आहे' एवढेच न सांगता मजला, जवळची ठळक खूण आणि मोठी गाडी कोणत्या बाजूने आत येऊ शकेल, हे सांगावे.