मदत हवी आहे: एम.ए.ला इकॉनॉमेट्रिक्स शिकवताना कांदा नडतोय

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्राला इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीतून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र) शिकवतो. वर्गात बावीस जण, बहुतेक कला शाखेचे, गणिताशी दहावीलाच फारकत घेतलेले. फळ्यावर सिग्मा आला की वह्या मिटतात.

म्हणून यंदा गॉस-मार्कोव्हचं प्रमेय बाजूला ठेवून आधी कांदा घेतला. ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी साइटवरून लासलगावची रोजची आवक आणि सर्वसाधारण भाव उतरवले आणि ग्रेटल या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे, म्हणून) टाकले. आवक वाढली की भाव पडतो हे सगळ्यांना पाठ, पण आवकेचा भावावरचा परिणाम दाखवणारा सहगुणक निघाला धन. घरी दोन एकर कांदा असलेला एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही लाल आणि उन्हाळ कांदा एकाच गोणीत भरलाय. लाल टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदाचाळीत चार-पाच महिने बसतो." मग डमी (कांद्याचा प्रकार सांगणारा ०-१ चल) घातला, उन्हाळ १, लाल ०. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी: "पण भाव चढला की लोक चाळ फोडतात ना? मग आवकेमुळे भाव की भावामुळे आवक?" एंडोजेनिटी (कारण कोणतं आणि परिणाम कोणता याचा गुंता) हा शब्द मी तोवर उच्चारलाही नव्हता. खडू ठेवला आणि चहाला गेलो.

अडचण पुढे आहे. कांद्यात तीन आठवडे गेले आणि विद्यापीठाच्या पेपरात येतं 'ओएलएसचे गुणधर्म सिद्ध करा' (ओएलएस म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी रेषा काढायची पद्धत). अंतर्गत परीक्षेत निम्म्यांनी सिद्धता अर्ध्यात सोडली. स्टाफरूममध्ये "सर कृषी महाविद्यालय चालवतायत" हे ऐकून झालं. मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवणाऱ्यांनी सिद्धता आधी घेतली की नंतर? मॅट्रिक्स टाळलं तर चालतं का? (हेटेरोस्केडॅस्टिसिटीला 'विषमविचलिता' म्हटलं की मुलं जास्तच घाबरतात. मी 'पसरत जाणारी चूक' म्हणतो.)

दुसरा प्रश्न त्या कांदावाल्या मुलाचा. एमपीएससीची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून अर्थशास्त्र वैकल्पिक घेऊन बसायचं म्हणतो. मला वाटतं त्याने इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची (आयईएस) परीक्षा द्यावी. अर्थशास्त्राचे चार पेपर, प्रत्येकी २०० गुण, आणि पहिल्याच पेपरात इकॉनॉमेट्रिक्स. पण उत्तरं इंग्रजीतच लिहायची आणि जागा मोजक्या. घरचे म्हणतात, नेट-सेट काढ आणि प्राध्यापक हो. मी स्वतः तासिका तत्त्वावर सात वर्षं काढलीत. त्याला कोणत्या तोंडाने 'हो' म्हणू?

आणि दुसऱ्या सत्रातलं ४ श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग! मुलं पतसंस्थेत व्हाउचर लावून परत येतात. डेटाचं काम कुठे मिळेल?

प्रतिसाद १

सिद्धता नंतरच, पण कांदा सोडू नका. दहा दिवसांचे आकडे देऊन ओएलएस हाताने काढायला लावा. अवशेषांची (खरा भाव आणि रेषेवरचा भाव यांतल्या फरकांची) बेरीज शून्य येते हे त्यांनाच दिसू द्या, सिद्धता तिथून सुरू करा. एकाच स्वतंत्र चलासाठी मॅट्रिक्स लागत नाही, साध्या बेरजांवर भागतं. दोन चल आले की मग बघा.

मुलाला पीएलएफएसचा (सरकारच्या रोजगार सर्वेक्षणाचा) युनिट लेव्हल, म्हणजे एकेका व्यक्तीचा डेटा द्या, सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर फुकट मिळतो. माझ्या एका विद्यार्थिनीने २०२२-२३ च्या फाइलमध्ये वेट (नमुन्यातला एक जण किती लोकांच्या वतीने मोजायचा तो आकडा) चार तिमाहींनी भागलंच नाही आणि महाराष्ट्राची लोकसंख्या चाळीस कोटींच्या वर नेऊन ठेवली. चूक तिनेच शोधली. आज एका सर्वेक्षण संस्थेत डेटा तपासायचंच काम करते, आणि मुलाखतीत तिने हीच गोष्ट सांगितली होती. आयईएसला खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३० आहे, म्हणजे रोज एक पान इंग्रजी लिहायला त्याला वेळ आहे. गोरेगावचं आयजीआयडीआर, पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट, या अर्थशास्त्राच्या संशोधन संस्थांच्या रिसर्च असिस्टंटच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला सांगा. एमपीएससी सोड असं मात्र तुम्ही म्हणू नका, ते त्याचं त्यालाच ठरवू दे.

धागाकर्ता

आभारी आहे. हाताने ओएलएस सोमवारीच घेतो. एक राहिलं: आमच्या लॅबमधली मशीनं ४ जीबी रॅमची आहेत. पीएलएफएसची फाइल ग्रेटलमध्ये उघडेल, की आधी फक्त महाराष्ट्र वेगळा काढावा लागेल?